भोंडल्याच्या गाण्यातील स्वयंपाकघर

१९५५ च्या फेब्रुवारीत भारत सरकार आणि सोव्हिएट रशिया यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे नाव दुर्ग जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तो जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिला. नकाशावरची रेघ बदलली. नागपूरहून दुर्गाकडे जाणारा लोहमार्ग मात्र होता तेथेच होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली, आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती.

मराठी माणसाला तो मुलूख अगदीच परका होता असे नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्येच छत्तीसगडात शिरल्या होत्या. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते. परंतु फौजेबरोबर जाणे निराळे आणि संसार पाठीवर घेऊन जाणे निराळे. कारखान्याच्या वसाहतीत जे मराठी संसार गेले, त्यांच्या सामानात पोळपाट-लाटणे होते, देवघरातील टाक होते, लोणच्याच्या बरण्या होत्या. आणि कोणत्याही यादीत न लिहिलेली एक वस्तू होती. बायकांच्या ओठी असलेली गाणी, ती ही वस्तू.

या गाण्यांपैकी आश्विनातील गाण्यांचा येथे विचार करावयाचा आहे. पुणे-सातारा भागात त्या खेळाला भोंडला म्हणतात, कोठे हादगा म्हणतात. विदर्भात व खानदेशात भुलाबाई बसते. सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्ती काढावयाचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरावयाचा, आणि रोज एकेक गाणे वाढवीत जावयाचे. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलोजी व भुलाबाई या मातीच्या जोडीपुढे गाणी होतात. शेवटी खिरपत. झाकलेला डबा हलवून दाखवावयाचा, आत काय वाजते ते ओळखावयाचे, न ओळखल्यास हरल्याचे कबूल करावयाचे. हा त्या खेळातला मुलींच्या फार आवडीचा भाग. वडील माणसे ओटीवर बसून कौतुकाने हे ऐकत आली आहेत. पोरींचा खेळ, यापलीकडे त्याला कोणी नाव दिले नाही.

परंतु या पोरींच्या खेळातील गाणी नीट कान देऊन ऐकली तर एक गोष्ट लक्षात आल्याविना राहत नाही. ही गाणी बहुतेक सगळी स्वयंपाकघरातली आहेत. त्यांत भाजी आहे, करंजी आहे, लाडू आहे, शेवया आहेत. आणि त्या पदार्थांच्या आडून घरातील एका माणसाचा छळ चाललेला आहे.

‘कारल्याचा वेल’ म्हणून जे गाणे महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, ते पहिल्याने घेऊ. सून सासूजवळ माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही. ती म्हणते, कारल्याचे बी पेर आणि मग जा. सून बी पेरते आणि पुन्हा विचारते. आता कोंब येऊ दे, मग जा. कोंब येतो. वेल चढू दे. वेल चढतो. फूल येऊ दे, कारले लागू दे, ते मोठे होऊ दे, तोडून आण, चिरून भाजी कर, ती सर्वांना जेवू घाल. दर कडव्याच्या अखेरीस माहेर एक पाऊल पुढे सरकते, आणि दर कडव्याच्या आरंभी सून त्याच विनयाने पुन्हा विचारते. प्रांताप्रांतांतून या कामांची यादी थोडीफार बदलते, पण गाण्याचा सांगाडा सर्वत्र हाच आहे.

या गाण्याची खुबी अशी की, त्यातील सासूच्या एकाही वाक्यात दोष काढता येत नाही. घरात वेल लावणे, भाजी करणे, चार माणसांना वाढणे ही कामे कोणत्या घरात नसतात? एखाद्या शेजारणीने कुंपणावरून ऐकले असते, तर तिला सासूचे बोलणे रीतीचेच वाटले असते. एकेक मागणी रास्त आणि सगळ्या मागण्या मिळून बंदिवास, असे हे गणित आहे. येथे शेतकीचा एक साधा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. कारल्याचे बी पेरल्यापासून पहिले फळ हाती येण्यास सुमारे दोन महिने लागतात. आषाढ-श्रावणात पेरलेल्या बियांची कारली भाद्रपद-आश्विनात निघतात. म्हणजे नागपंचमी गेली, मंगळागौर गेली, गौरी-गणपती गेले; ज्या ज्या सणाला मुलगी माहेरी यावयाची तो तो सण वेलाकडे पाहण्यात सरला. गाणे एवढे सांगत नाही. ते गाणाऱ्या मुलींना सांगण्याची गरज नव्हती. कारले केव्हा पेरतात आणि केव्हा तोडतात हे त्यांना परसात दिसत होते.

शिवाय भाजी शिजल्यावर ती कोणी खाल्ली? सगळ्यांना वाढण्याचे काम सुनेकडे आहे. तिच्या स्वतःच्या ताटाचा उल्लेख मात्र ऐकू येत नाही.

याच जातीचे दुसरे एक गाणे आहे. त्यात माहेरचे मूळ आलेले असते. म्हणजे न्यावयास भाऊ किंवा मुराळी दारात येऊन बसलेला असतो. सून सासूला विचारते. सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. सासरा दिराकडे बोट दाखवितो, दीर जावेकडे, जाऊ नणंदेकडे. सगळ्या घरादारातून हिंडून तो प्रश्न शेवटी नवऱ्याशी येऊन थांबतो. येथे गाण्याचे दोन पाठ आढळतात. एका पाठात नवरा म्हणतो, फणी आणा, वेणी घाला आणि राणीला माहेरी जाऊ द्या. मुली टाळ्या पिटतात आणि गाणे संपते. दुसऱ्या पाठात नवऱ्याच्या हाती काठी येते आणि ती बायकोच्या पाठीवर बसते. चाल तीच, यमकाची जागा तीच. फणीच्या जागी काठी आली एवढाच बदल. कोणता पाठ आधीचा आणि कोणता मागाहूनचा हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही पाठ एकाच अंगणात, एकाच फेरात गाइले गेले, आणि गाणाऱ्यांपैकी कोणाला त्यांतला कोणताही पाठ अशक्य वाटला नाही, हे इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे आहे.

तिसरे गाणे वेड्या नवऱ्याचे. हे तर निव्वळ हसण्यासाठीच रचले आहे असे वाटते. बायको करंज्या करते. नवरा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू करते. तो त्यांना चेंडू समजून खेळावयास घेतो. ती शेवया करते. तो त्यांना किडे समजून फेकून देतो. दर कडव्यात बायकोचा दिवसभराचा श्रम वाया जातो आणि दर कडव्याला मुली खदखदून हसतात. पदार्थ मन लावून केलेला आहे, जेवणारा त्याचा नाश करतो, आणि करणारी मात्र एक अक्षर बोलत नाही. ताट भिरकावून देणारे नवरे ज्या घरांत होते, त्या घरांतल्या मुलींना हे हसू कोठून येत होते याचा विचार करण्यासारखा आहे. बहुधा ज्याचे भय वाटते त्याला वेडा ठरविले म्हणजे घटकाभर भय कमी होते. या गाण्याच्या पुष्कळ ठिकाणी प्रचलित असलेल्या पाठात शेवटचे कडवे असे आहे: बायको पलंगावर निजलेली असते, वेडा येतो, निरखून पाहतो, ती मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो.

करंज्या, लाडू, शेवया आणि मग हे. चाल बदलत नाही. टाळ्यांचा ठेका चुकत नाही. आजही शाळांच्या भोंडल्यात हे गाणे होते, तेव्हा शेवटचे कडवे कधी गाळले जाते आणि कधी तसेच गाइले जाते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. गाणे म्हणजे न्यायालयातील साक्ष नव्हे. वेड्या नवऱ्याच्या गाण्यामागे अमुक गावी अमुक वर्षी घडलेली घटना असेल असे म्हणावयास काहीएक आधार नाही. गाण्यातील सासू ही एक ठरीव सासू आहे, जशी कीर्तनातील कजाग बायको ठरीव असते. सर्वच सासवा तशा होत्या असे कोणी म्हणणार नाही. आणि मौज अशी की, अंगणातून ऐकणारी सासूही एके काळी याच फेरात हेच गाणे गाऊन गेलेली होती. परंतु ठरीव चित्र कशाचे तयार होते, हा प्रश्न उरतोच. जे वारंवार पाहिले जाते आणि सर्वांना सांगितल्यावाचून समजते, त्याचेच ठरीव चित्र होते.

गाणाऱ्या मुलींचे वयही ध्यानात घेतले पाहिजे. हा खेळ कुमारिकांचा असे आज आपण म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकात दहा-बारा वर्षांची मुलगी पुष्कळदा सासुरवाशीण असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ चा, आणि तो अमलात आला १९३० मध्ये. तेव्हा फेर धरणाऱ्या मुलींपैकी काहींना हे गाणे म्हणजे भावी काळाची चुणूक होती, तर काहींना कालच्या दुपारची हकीकत होती. मोठ्यांदा रडण्यास मनाई होती. गाण्यास मनाई नव्हती.

भोंडला वर्षातून काही दिवस. जाते मात्र रोजचे. पहाटे, घर निजलेले असताना, जात्याच्या घरघरीत आवाज मिसळून बायका ओवी गात. त्या घरघरीचा एक उपयोग असा की, शब्द पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जात नसत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात अशा शेकडो ओव्या एकत्र केल्या. कमलाबाई देशपांडे, सरोजिनी बाबर यांनी स्त्रीगीतांच्या संग्रहाचे मोठे काम केले. आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी १९८० नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या ओव्यांत माहेरचे कौतुक फार आहे, भावाचे त्याहून अधिक आहे. परंतु सासुरवासाची कडूपणाशी सांगड पुन्हा पुन्हा घातलेली आढळते, आणि कडूपणाला उपमा द्यावयाची तर ओवीलाही कारल्याचीच आठवण होते. भोंडल्यातल्या सासूने पेरावयास सांगितलेले बी दुधीचे का नव्हते, याचे उत्तर येथे मिळते.

जात्यावरचे पीठ भाकरीत जाते आणि भाकरी पंक्तीत जाते. त्या पंक्तीचा क्रम ठरलेला होता: आधी पुरुष, मग मुले, मग वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांच्या शेवटी सर्वांत धाकटी सून. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणे हे पातिव्रत्याचे लक्षण मानले जाई. त्या ताटात काय उरले असेल ते नवऱ्याच्या भुकेवर अवलंबून. मराठीत द्रौपदीची थाळी हा शब्दप्रयोग आपण न संपणाऱ्या अन्नासाठी करतो. मूळ कथेतील अट मात्र आपण विसरलो आहो. सूर्याने दिलेल्या त्या पात्रातील अन्न द्रौपदी जेवेपर्यंतच पुरत असे. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिते. म्हणजे सर्व पांडव, सर्व ब्राह्मण, सर्व अतिथी जेवून होईपर्यंत तिने जेवावयाचे नाही, हे त्या अक्षय अन्नाचे रहस्य होते.

गाण्यात आणि ओवीत जे आडून सांगितले जाते, ते उघड सांगणारी एक बाई सतराव्या शतकात महाराष्ट्रात होऊन गेली. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचा जन्म १६२८ चा, वेरुळाजवळच्या देवगावचा. अगदी बालवयात त्यांचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठकांशी झाले. वर तीस वर्षांचा, बिजवर. पुढे हे कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापुरास आले. तेथे त्यांना एक गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की ते त्यांच्यामागून कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात वासराची आणि या लहान मुलीची बोलवा झाली. नवऱ्याच्या कानांवर ती गेली. त्याने तिला मारले आणि बांधून घातले. आईबाप त्याच घरात होते. त्यांच्याने काही होईना. तेव्हा गाय आणि वासरू यांनी वैरण-पाणी सोडले, असे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. घरातील माणसे त्या दिवशी जेवली की नाही हे त्या सांगत नाहीत. मुक्या जनावरांनी दाव्याशी घास सोडला, एवढेच सांगतात. आणि घरात काय घडले त्याची याहून मोठी खूण कोणती असणार?

बहिणाबाईंनी पुढे संसार सोडला नाही. पतिसेवा हाच आपला धर्म असा निश्चय त्यांनी केला, आणि तोही त्याच अभंगांत नोंदविला. आजच्या वाचकाला हे रुचत नाही, आणि ते साहजिक आहे. परंतु मार पडला हे लिहून ठेवणे आणि तो सोसण्याचा निश्चयही लिहून ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या आहेत. पहिली झाकून दुसरीच तेवढी सांगणारे चरित्रकार पुष्कळ झाले. स्वतः बहिणाबाईंनी मात्र काही झाकले नाही. १७०० साली त्या शिऊर येथे निवर्तल्या.

एकोणिसाव्या शतकात स्वर थोडा चढला. १८८२ मध्ये वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून घरधन्यांना सरळ जाब विचारला. ते पुस्तक त्या काळी उपेक्षेने मारले गेले. त्याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा. ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच्या प्रकरणांत वडिलांच्या विलक्षण सोवळ्यापायी घरातील बायकांचे स्वयंपाकपाण्यात कसे हाल होत, ते लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे, पण सांगितले आहे ते असे की वाचणारा हसतो, आणि पान उलटल्यावर आपण कशाला हसलो हे त्याला उमगते. भोंडल्यातील वेड्या नवऱ्याच्या गाण्याशी या रीतीचे नाते आहे. लक्ष्मीबाईंचा उल्लेख येथे करावयाचे आणखी एक कारण आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे धर्मांतरापूर्वी राजनांदगाव संस्थानात नोकरीस होते. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका पाद्र्याने त्यांना बायबल दिले, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. राजनांदगाव म्हणजे दुर्ग-भिलाईच्या अलीकडचे, त्याच लोहमार्गावरचे ठिकाण. छत्तीसगडातील मराठी बिऱ्हाडांची कहाणी भिलाईच्या कारखान्याहून साठ-पासष्ट वर्षांनी जुनी आहे, ती अशी.

भिलाईच्या नव्या वसाहतीत मराठी सुनेला एक गोष्ट नवी मिळाली. सेक्टरातल्या सरकारी क्वार्टरांत पुष्कळदा सासू नव्हती; ती मागे, गावी. कारल्याचा वेल लावा म्हणून सांगणारे माणूस दूर राहिले. परंतु माहेरही तितकेच दूर राहिले. कारखाना तीन पाळ्यांत चाले, आणि नवऱ्याच्या पाळीप्रमाणे घरातील जेवणाची वेळ फिरे. खेड्यातल्या वाड्यात निदान भिंतीपलीकडे जाऊ होती, परसापलीकडे शेजारीण होती, आणि तिला आपली भाषा समजत होती. येथे एका भिंतीला तेलुगू कुटुंब, दुसरीला बंगाली. मार खाणाऱ्या बाईला हाक मारण्यासाठी सुद्धा आधी हिंदी शिकावी लागे.

त्या वसाहतीभोवतीच्या छत्तीसगडी खेड्यांत दिवाळीच्या सुमारास बायका एक नाच करतात. टोपलीत धान्य घालून त्यात मातीचा पोपट ठेवतात, टोपली मध्ये ठेवून भोवती फेर धरतात, आणि टाळ्यांच्या ठेक्यावर पोपटाला उद्देशून गातात. त्याला सुआ-गीत म्हणतात. मधोमध हत्तीऐवजी पोपट, आश्विनाऐवजी कार्तिक. बाकी फेर तोच. या गाण्यांत बायका पोपटाला निरोप्या करून आपले दुःख सांगतात. सासरचा जाच असतो, दूर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणे असते, आणि पुन्हा बाईचा जन्म नको अशी विनवणीही असते. नागपूरकडच्या बाईला ते शब्द पहिल्या वर्षी कळले नसतील. टाळीचा ठेका आणि मध्ये ठेवलेली मूर्ती पाहून विषय ओळखण्यास तिला अडचण पडण्याचे कारण नव्हते.

भिलाईजवळच्या गनियारी या खेड्याने याच भूमीला तीजनबाई दिल्या. पांडवानी गाणाऱ्या बायकांनी बसून गावे असा शिरस्ता असताना, हाती तंबोरा घेऊन उभ्याने, अभिनयासह महाभारत सांगणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-गायिका. गाते म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले होते. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. महाभारतातील द्रौपदीची विटंबना आणि भीमाची गदा हे पांडवानीचे आवडते प्रसंग. त्यांत विराटपर्वातील एक प्रसंग स्वयंपाकघराचा आहे. अज्ञातवासात सैरंध्री झालेल्या द्रौपदीला कीचक भर सभेत लाथ मारतो, आणि सभेत बसलेला तिचा नवरा तिलाच गप्प राहण्यास सांगतो. रात्री ती उठून मुदपाकखान्यात जाते. तेथे भीम बल्लव या नावाने आचारी आहे. मराठीतला बल्लवाचार्य हा शब्द त्याच्याच नावावरून आला. चंदन उगाळून उगाळून घट्टे पडलेले आपले हात ती त्याला दाखविते. भीम ते हात आपल्या तोंडावर धरतो आणि रडतो. भांडीकुंडी, चुली आणि झोपलेला राजवाडा यांच्यामध्ये, व्यासांच्या त्या प्रचंड ग्रंथात, हातांच्या घट्ट्यांना साक्ष म्हणून मान मिळालेला आहे.

गाण्यांना जे साधत नव्हते ते छत्तीसगडात बायकांनी वेगळ्या मार्गाने करून पाहिले. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कामगारांची संघटना उभी राहिली. मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाऊ लागली. घरी रिकामे ताट आणि पाठीवर मार, हा अनुभव खाणीतल्या बायकांना नवा नव्हता. परंतु त्या आता स्वतःही खाणीत काम करीत होत्या आणि संघटनेच्या सभेत बसत होत्या. दारूबंदीची जी चळवळ तेथे उभी राहिली तीत बायका पुढे होत्या. घरातला मार ही घरातली गोष्ट, हे म्हणणे त्यांनी सभेत मान्य केले नाही. नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे खून झाला.

कायदा गाण्यांच्या फार मागून आला. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घालून पती व त्याचे नातेवाईक यांच्या क्रूरतेला प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. त्यात विवाहापासून सात वर्षांच्या आत भाजून झालेल्या मृत्यूचा शब्दशः उल्लेख आहे. वेड्या नवऱ्याच्या गाण्याचे शेवटचे कडवे ज्यांना पाठ होते, त्यांना तो शब्द वाचून काय वाटले असेल याची कल्पना करावी. पुढे २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. मारहाणीबरोबरच अपमान, टोमणे, पैशाची अडवणूक आणि घरातील साधनांपासून वंचित ठेवणे यांनाही त्याने हिंसा म्हटले. २०२४ च्या १ जुलैपासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि क्रूरतेचे ते जुने कलम नव्या क्रमांकाने तीत कायम राहिले.

कारल्याच्या वेलाच्या गाण्यातील सासूला २००५ च्या कायद्याखाली दोषी धरता येईल काय, हा प्रश्न वकिलांनी सोडवावा. तिने हात उगारला नाही, शिवी दिली नाही, नाहीदेखील म्हटले नाही. कोणत्याही फिर्यादीत लिहिता येणार नाही अशा रीतीने एका माणसाला अडवून धरण्याची ही कला आहे, आणि तिचे इतके बिनचूक वर्णन कायद्याच्या भाषेत अजून कोणाला करता आलेले नाही. ते फेर धरणाऱ्या मुलींनी, कोणाचेही नाव न घेता, सासूच्याच अंगणात केले.

छत्तीसगडात सुआ नाचणाऱ्या बायका पोपटाची टोपली घेऊन दारोदार जातात. घरधनीण बाहेर येऊन गाणे ऐकते आणि सुपातले तांदूळ त्यांच्या पदरात घालते. ते जमलेले धान्य दिवाळीत गौरा-गौरीच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या लग्नाला लागते.